माया किती सोडायची

हळद शिजायला लागली की आमच्या गावात वेगळं सांगावं लागत नाही. कुठल्यातरी शेतात पहाटेच हळदीचा मोठा कुकर पेटतो, वाफ चढते आणि तो मातकट, उग्र वास दारं-खिडक्या लावल्या तरी घरात येतो. उशीला लागतो, दोरीवरच्या लुगड्यांना लागतो, चहाच्या कपालासुद्धा लागतो. यंदा तो परवा आला. मी मशीनवर बसले होते, पाय आपोआप थांबला आणि सगळ्यात आधी काय आठवलं असेल तर भाकरी. दोन वर्षांपूर्वी याच हंगामात मी भाकरीशी भांडण काढलं होतं. ते मी अजून मिटवलेलं नाही आणि मिटवणारही नाही.

कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्यावं. वजनाविषयी बोलायला लागलं की लोक आधी तुमच्या कमरेकडे बघतात, मग तोंडाकडे. मला त्याचं काही वाटत नाही, कारण दुसऱ्यांच्या कमरा बघणं हा माझाच धंदा आहे. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. एक मशीन, एक आरसा, एक पडदा आणि मापांच्या वह्या. कुठली बाई कुठल्या साली किती सुटली हे तिच्या नवऱ्याला ठाऊक नसेल, मला असतं. "फरक न्हाई ना काई?" असं ती विचारते. मी टेपवर बोट ठेवून "न्हाई, तेवढंच हाय" म्हणते आणि वहीत खरा आकडा लिहिते.

शिवणकामात एक शब्द आहे, माया. ब्लाउज बेतताना शिलाईच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, ती माया. पुढे बाई अंगानं भरली तर शिवण उसवायची आणि त्या मायेतून ब्लाउज सैल करून द्यायचा. त्या वर्षी संक्रांतीनंतर मी माझाच ब्लाउज उसवायला बसले, तर आत माया उरलीच नव्हती. तीनदा उसवून झाला होता. आता पुढे नुसती कापडाची कड होती आणि तिचे दोरे सुटत होते. दुसऱ्या कुणाचा असता तर मी गोड बोलून सांगितलं असतं, बाई, नवीन शिवा. स्वतःला काय सांगणार?

त्याच आठवड्यात हिंगोलीला रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई माझ्या पुतणीच्या वयाच्या. कागद बघून म्हणाल्या, "साखर काठावर आहे, ताई. तीन महिने देते. रात्रीचं खाणं बंद करा, वजन उतरवा, नाहीतर गोळ्या चालू." आणि एक छापील तक्ता हातात दिला. सकाळी ओट्स, अकराला फळ, संध्याकाळी सूप. आमच्याकडे सुपात धान्य पाखडतात. जीपमध्ये बसल्यावर मी त्या तक्त्याची घडी घालून पर्सच्या तळाशी टाकली. पण "साखर" हा शब्द काही तळाशी जाईना.

कारण माझ्या आईचे डोळे साखरेनं नेले. आईसुद्धा शिवायची. मला सुईत दोरा ओवायला तिनं शिकवलं, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करायला शिकवलं. पन्नाशी उलटली आणि तिला सुईचं भोक दिसेना, मग सुई दिसेना, मग मी. आता मी माहेरी गेले की ती माझ्या ब्लाउजच्या बाहीला हात लावते. बोटांत कापड चोळून "हे रुबिया हाय, चांगलं घेतलंस" म्हणते आणि मग हळूच विचारते, "रंग कोणता हाय गं?" या प्रश्नाची मला जितकी भीती वाटते तितकी मरणाची वाटत नाही. मी बेचाळीस वर्षांची होते आणि माझं पोट माझ्या डोळ्यांवर उठलं होतं. मी ठरवलं, आईच्या वाटेनं मी जाणार नाही. साखरेनं दुसरं घर बघावं.

ठरवलं खरं. पण रात्र व्हायची ना!

दिवसा मला खाताना कुणी बघितलंच नसेल. सकाळी मालकांचा डबा, आत्याबाईंची न्याहारी, हळद काढायला आलेल्या बायांचा चहा आणि धावत जाऊन जीप. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मालक म्हणजे त्यांचा लेक, माझा नवरा. दुकानात डबा न्यायची, पण हळदीचा हंगाम म्हणजे लग्नसराईचाही हंगाम. बाया रांगेत उभ्या असताना डबा कसा उघडायचा? चहावर चहा व्हायचा. रात्री सगळ्यांना वाढून झालं की भूक मेलेली असायची. दोन घास खाऊन मी म्हणायची, झालं माझं. येणारी-जाणारी पाहुणी माणसं कौतुक करायची, "इमल काईच खात न्हाई बघा, तरी अंग कसं सुटून राहिलं?" मीही मान हलवायची. हवा लागते हो काहींना.

ती हवा रात्री अकराला सुटायची. घर झोपलेलं. मी उरलेली हुकं-बटणं लावून सुई-दोरा आवरायची, पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात जायची आणि दिवा न लावता टोपल्यावरचं फडकं उचलायची. गार ज्वारीची भाकरी, वर कच्चं तेल आणि तिखट, हाताशी आला तर कांदा. उभ्यानंच. ताट घेतलं असतं तर ते जेवण झालं असतं, आणि उभ्यानं खाल्लेलं मी जेवणात धरत नव्हते. पहिली भाकरी भुकेची असायची, हे कबूल. दुसरी कशाची होती ते मला कितीतरी दिवस कळलं नाही.

टोपल्यात भाकरी असायच्याच, कारण त्या पाहुण्याच्या होत्या. आत्याबाईंचा दंडक होता, घरची माणसं मोजून होतील तेवढ्या भाकरी आणि वर दोन जास्तीच्या, रात्री-अपरात्री येणाऱ्यासाठी. टोपलं रात्री रिकामं राहता कामा नये. पूर्वी माणसं पायी यायची, बैलगाडीनं यायची, उशीर व्हायचा. आता सिद्धेश्वर गावाहून निघालेला माणूससुद्धा निघताना एक फोन करतो आणि पोचायच्या आधी आणखी दोन. अवचित पाहुणा आमच्या दारात कित्येक वर्षांत आला नव्हता. त्याच्या वाटणीच्या भाकरी मात्र रोज होत होत्या, आणि त्याच्या वतीनं मी त्या रोज खात होते.

बरं, खाऊन ते लपवावं एवढं तरी सुचायला हवं होतं. दोन्ही भाकरी संपल्या, सकाळी टोपलं रिकामं दिसलं, की आत्याबाई दुसऱ्या दिवशी तीन करायच्या. मी तीन खाल्ल्या. मग चार झाल्या. चौथी मला जात नव्हती, अर्धी उरायची, आणि ती अर्धी उरलेली बघून त्यांचा जीव निवायचा. मी मनात म्हणायची, म्हातारीला मोजता येत नाही.

तक्ता बाजूला ठेवून मी माझ्या परीनं उपाय केले. जेवल्याबरोबर दात घासले. तेलतिखट लावलेली भाकरी पेस्टच्या चवीवरसुद्धा जाते, सांगून ठेवते. तोंडात लवंग धरली. स्वयंपाकघराच्या दाराला कडी लावली, तर ती काढायला कितीसा वेळ लागतो? एकदा टोपल्याला फडक्यावरून दोऱ्याचे सात टाके घातले, म्हणजे उसवायचा कंटाळा येईल. शिवणारणीला उसवायचा कंटाळा! दीड मिनिटात मोकळं केलं. त्या रात्री भाकरी खाता खाता मला माझाच इतका राग आला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी मी घास थांबवला नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

लीलाबाई दुकानात आली ती याच दिवसांत. तांड्यावरची, लोकांच्या शेतात हळद काढायला जाते. मुलीच्या लग्नाचे ब्लाउज टाकायला आली होती. हात कोपरापर्यंत पिवळे, म्हणून कापडाला हात न लावता लांबूनच सांगत होती, हे तिचं, हे माझं. दुपारचे साडेतीन वाजले असतील. तिची नजर कोपऱ्यातल्या माझ्या डब्यावर गेली.

"ताई, डबा न्हाई खाल्ला?"

"सवड कुठं हाय, लीलाबाई?"

"सवड?" ती हसली. "आमी दहाला बसतो बांधावर. मालक वरडू दे न्हाईतर मुकादम वरडू दे. भाकर सोडली की बसलो. उठून काम करा म्हणलं तर आमी म्हणतो, आधी पोटाचं काम, मंग तुमचं. तुमी इथं पंख्याखाली बसून उपाशी काहून राहता?"

एक बाई उन्हात माती उपसते आणि आपल्या भाकरीसाठी मालकाला थांबवते. मी माझ्या दुकानाची मालकीण, आणि मला गिऱ्हाइकापुढे डबा उघडायची हिंमत नाही. तिच्यादेखतच मी डबा काढला. दोन बाया पडद्याआड माप द्यायला ताटकळत होत्या, त्यांना म्हटलं, बसा दहा मिनिटं. बसल्या की! काही बिघडलं नाही. लीलाबाईनं समोर बसून माझा सगळा डबा संपेस्तोवर गप्पा मारल्या.

त्या रात्री पहिल्या भाकरीची भूक नव्हती. मी तरी स्वयंपाकघरात गेले. तेव्हा मला दुसरी भाकरी कळली. रात्री अकरा ते सव्वाअकरा, एवढ्या वेळात मला कुणी हाक मारत नव्हतं. ताई नाही, सूनबाई नाही, "माझा टॉवेल कुठं हाय" नाही. दिवसभरातली माझी स्वतःची तेवढीच पंधरा मिनिटं होती, आणि त्यांत हाताला काहीतरी हवं म्हणून भाकरी होती. मला वेळाची भूक होती आणि मी ती ज्वारीनं भागवत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार, दुकान बंद. अंगणात शिजवलेली हळद पसरली होती आणि आत्याबाई बसून निवडत होत्या, जाड गड्डे एकीकडे, बोटांसारखी लांब हळकुंडं एकीकडे. मी जवळ बसले, पण हात लावला नाही. हंगामात मी कधीच लावत नाही, कारण एक पिवळा डाग गिऱ्हाइकाच्या कापडावर गेला की संपलं. माझी मान खालीच होती. म्हटलं,

"आत्याबाई, टोपल्यातल्या भाकरी मी खाते."

"ठाऊक हाय."

"ठाऊक हाय? कवापासून?"

"हळद निघाली तवापासून." त्यांचा हात चालूच होता. "माझ्या दत्ताचे हात पिवळे, माझे पिवळे, गड्याचे पिवळे. अन् टोपल्यावरचं फडकं सकाळी बघावं तर पांढरंफेक. दुसऱ्या कुणाचा हात लागला असता तर डाग पडला असता का न्हाई? ह्या घरात पांढरे हात तुझे एकलीचे."

मला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. "मंग बोलल्या काहून न्हाईत?"

"काय बोलायचं? दिसभर खात न्हाईस, रातच्याला खातीस. मला वाटलं पुरून न्हाई राहिलं लेकराला. म्हणून एक एक वाढवत गेले."

मग त्या बोलल्या, तेही हळदीकडेच बघत. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरात अकरा माणसं होती. सासू भाकरी मोजून ठेवायची. पुरुष जेवायचे, पोरं जेवायची, मग जावा आणि शेवटी ह्या. बऱ्याचदा तवा गार झालेला आणि टोपल्यात फक्त पाहुण्याची भाकरी. एका रात्री पोटात आग पडली म्हणून त्यांनी त्यातली अर्धी मोडून खाल्ली. सकाळी सासूनं त्यांना सगळ्यांसमोर अंगणात उभं केलं.

"अर्ध्या भाकरीपायी," त्या म्हणाल्या. "सतरा वर्सांची व्हते मी. तवाच ठरवलं, माझी सून आली तर तिला मोजून घालणार न्हाई. टोपल्यात रोज जास्तीची ठेवीन. पाहुण्याची म्हणून ठेवीन, म्हंजी तिला लाज वाटायची न्हाई."

म्हणजे पाहुणी मीच होते. वीस वर्षं ही बाई माझ्यासाठी माया सोडत होती, आणि मी ती सगळी उसवून उसवून अंगावर घेतली होती. मला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी त्यांचा संतापही आला. दुष्ट सासूशी भांडणं सोपं असतं. गावभर सांगता येतं, माहेरी जाता येतं. मायेशी कसं भांडायचं, ते कुणी शिकवलेलं नाही.

पण मी भांडले. म्हटलं, "आत्याबाई, तुमची भूक खरी होती. माझी तशी न्हाई. मला पोटभर मिळून राहिलं. ह्या भाकरीनं माझे डोळे जातील. माझ्या आईला बघितलं ना तुमी? उद्यापासून मी संध्याकाळी साडेसहाला जेवणार. बसून, ताट घेऊन, गरम. मालकांच्या आधी. जेवले की पाऊण तास कालव्याच्या कडेनं चालणार, अन् तेवढ्या टायमात मला कुणी हाक मारायची न्हाई. अन् रातच्याला टोपलं रिकामं राहणार."

पहिल्या सगळ्यावर त्या गड्डे निवडत राहिल्या. शेवटच्यावर मात्र हात थांबला. "टोपलं रिकामं ठेवू न्हाई, इमल."

"मंग कांदा ठेवा."

आणि त्यांनी खरंच ठेवला. त्या रात्रीपासून आमच्या टोपल्यात फडक्याखाली एक कांदा झोपायला लागला. रिकामं म्हणायला जागा नाही.

गावाचं काय झालं विचाराल, तर गावानं त्याचं काम केलं. नवऱ्याच्या आधी जेवते. तिन्हीसांजेला दिवा लावायच्या वेळी कालव्यावर फिरते. मालकांना पारावर कुणी काय काय ऐकवलं ते ते माझ्यापर्यंत आणायचे, "लोक काय म्हणतील याचा तरी इचार कर." मी म्हटलं, लोकांच्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत, कुणाला फार बोलायचं असेल तर दुकानात या म्हणावं. तो विषय तिथेच बंद झाला. हळूहळू कालव्यावर मला आणखी दोघी भेटायला लागल्या. आपण योगायोगानं आल्यासारखं दाखवायच्या.

लगेच सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. आठव्या दिवशी मी मोडले. पाडव्याच्या रात्री उरलेल्या दोन पुरणपोळ्या उभ्यानं खाल्ल्या, तूप लावून. सकाळी मी स्वतःची माफी मागितली नाही. साडेसहाला पुन्हा ताट घेऊन बसले. असं किती वेळा झालं ते मोजायचं मी सोडून दिलंय. सात किलो उतरले, तीन परत आले, त्यातले दोन पुन्हा गेले. साखर काठावरून मागे सरकली. डॉक्टरीणबाई खूश होऊन म्हणाल्या, "तक्ता पाळला वाटतं!" मी म्हटलं, हो. सगळ्यांना सगळं सांगायची गरज नसते.

आणि तो पाहुणा? आला की! वीस वर्षं नाही आला आणि टोपल्यात कांदा असताना आला. मालकांचा मावसभाऊ, सिद्धेश्वरकडून येताना गाडी पंक्चर, फोन बंद, रात्रीचे साडेदहा. आत्याबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की सांगत होते ना मी? मी पदर खोचला, पीठ मळलं, तवा ठेवला. तीन भाकरी आणि पिठलं, वीस मिनिटांत. गरम भाकरीवर त्यानं ताव मारला आणि म्हणाला, "वहिनी, एवढ्या रातच्याला ताजं कुठं भेटतंय?" दोन त्यानं खाल्ल्या. तिसरी तव्यावरून उतरून माझ्या हातात होती, वाफाळती. ती मी तशीच नेऊन ओसरीवरच्या कुत्र्याला घातली आणि दार लावून घेतलं.

यंदाची हळद चांगली आहे. गड्डे भरलेत, मालक खुशीत आहेत आणि दिवस-दिवस कुकरपाशी असतात. मी दुपारचा डबा एक वाजता खाते आणि संध्याकाळी साडेसहाला ताट घेते. गेल्या आठवड्यात मी बसले, तर आत्याबाई परातीपाशी घुटमळत राहिल्या. तव्यावरची भाकरी फुगली होती. म्हणाल्या, "एक ताट मलाबी घे गं. आज भूक लागून राहिली लवकर." मी दुसरं ताट मांडलं. माझ्या देखत तरी त्या पुरुषांच्या आधी कधी जेवल्या नव्हत्या. पहिला घास त्यांनी बोटांत धरून ठेवला, फुंकर मारली, तोंडात घातला आणि नुसत्याच चावत राहिल्या.

तेवढ्यात मालक आले. कुकर बिघडला म्हणून रोजच्यापेक्षा दोन तास आधी, कपाळापर्यंत पिवळे, भुकेजलेले. दारातच थांबले आणि सवयीनं म्हणाले, "माय, वाढ लवकर."

आत्याबाईंचा एक हात जमिनीला टेकला. उठायला टेकतात तसा. मी बघत होते. हे माझ्या बोलण्यानं व्हायचं नव्हतं. मग तो हात त्यांनी उचलला आणि परत ताटात नेला.

"आमी जेवून राहिलो," त्या लेकाकडे न बघता म्हणाल्या. "हात धू, अन् तुझ्या हातानं घे."